पट्ट्यावरचे चरे धारेचे नसतात

तुमची तक्रार थोडक्यात अशी: वस्तरा दगडावर नीट लावून झालाय, दाढीही गुळगुळीत होते, पण कातडी पट्ट्यावर फिरवला की उजव्या कडेपासून बोटभर आत, कडेला समांतर अशा लांब बारीक रेघा उठतात. शिवाय पट्टा टांगायच्या कड्याकडच्या टोकाला चंद्रकोरीसारखे दोन काप पडलेत. पट्टा जेमतेम महिन्याचा आहे. धार गरजेपेक्षा जास्त तीक्ष्ण झाली म्हणून हे होतंय का, आणि ती थोडी मारून टाकावी का, असं तुम्ही विचारलंय.

धार मारू नका. पट्टाही टाकू नका. तुमच्या पट्ट्यावर दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रेघा आणि काप एकाच कारणाने होतात असं समजून लोक महिनोन् महिने चुकीच्या जागी उपाय करत बसतात.

पट्ट्यावर वस्तरा फिरतो तेव्हा पाठ, म्हणजे पात्याची धारेसमोरची जाड बाजू, पुढे असते आणि धार तिच्यामागून ओढली जाते. मागून ओढलेली धार, कितीही तीक्ष्ण असली तरी, कातड्यात शिरत नाही. ज्या क्षणी ती पुढे होते त्या क्षणी मात्र ती कातडं सोलते. तेव्हा रेघ उठत नाही, पापुद्रा उठतो. म्हणून माझा साधा हिशेब असा, की काप दिसला तर हाताकडे बघायचं आणि रेघ दिसली तर धार सोडून वस्तऱ्याच्या बाकीच्या अंगाकडे बघायचं. टाच (धारेचा मुठीकडचा शेवट), खांदा (तिच्यामागचा जाड भाग), टोक, पाठीच्या कडा, मुठीची खीळ, नाहीतर मधे अडकलेला एखादा कण. कोणी वस्तरा घेऊन आलं की मी आधी त्यांचा पट्टा मागतो. वस्तरा पुसून स्वच्छ करून आणलेला असतो, पट्टा पुसून काही लपत नाही.

आधी रेघा खरंच त्रासदायक आहेत का ते ठरवा. डोळे मिटा आणि बोटाचं टोक पट्ट्यावरून आडवं, हलकेच फिरवा. बोटाला काही लागलं नाही तर ती नुसती रंगातली खूण आहे. वरचा चकचकीत थर थोडा घासला गेलाय, कातड्याला काही झालेलं नाही, धारेलाही होणार नाही. बाजारात खवल्यासारखी, आडव्यातिडव्या रेघांची मुद्दाम उठवलेली नक्षी असलेले पट्टे मिळतात, आणि त्यांच्यावर वस्तरे उत्तम लागतात. त्यामुळे रेघ दिसतेय म्हणून घाबरायचं कारण नाही. बोटाला खाच लागली, किंवा खाचेची कड वर आलेली जाणवली, तर पुढचं सगळं वाचा.

आता तुमच्या रेघा. त्या उजवीकडे आहेत आणि कडेला समांतर आहेत, या दोन गोष्टींनी मला अर्धं उत्तर मिळालं. उजव्या हाताने वस्तरा धरणाऱ्याची टाच जातानाही उजवीकडे असते आणि येतानाही उजवीकडेच असते, कारण पातं पाठीवर उलटतं, टोकावर नाही. त्यामुळे उजवीकडची रेघ ही टाचेची किंवा तिच्यामागच्या खांद्याची, आणि डावीकडची रेघ टोकाची. रेघा समांतर आहेत याचा अर्थ तुम्ही पातं सरळ नेता आणि सरळ आणता, त्यामुळे टाच दर वेळी त्याच वाटेवरून जाते. तिरक्या रेघा असत्या तर मी कणावर संशय घेतला असता.

अंदाजावर थांबायचं नाही, खात्री करायची. एक गुळगुळीत कोरा कागद सपाट काचेवर किंवा टेबलावर ठेवा. वस्तरा त्यावर पट्ट्यावर फिरवता तसाच, पण अगदी सावकाश आणि निव्वळ स्वतःच्या वजनाने, पाच वेळा नेऊन आणा. मागून ओढलेली धार कागदाला काही करत नाही. टाचेचा कोपरा टोकदार असेल तर मात्र कागदावर सुईने ओढल्यासारखी रेघ उमटते. अजून पक्कं करायचं असेल तर टाच, खांदा आणि टोक या तीन जागांना वेगवेगळ्या रंगाच्या पेनाने शाई लावा आणि कागदावर कुठला रंग उतरतो ते बघा. शाईचा हा खेळ पट्ट्यावर करू नका, डाग निघत नाही.

टाचेचं प्रकरण थोडं समजून घ्यायला हवं, कारण पट्टा खराब होण्याचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. वस्तरा कारखान्यातून येतो तेव्हा टाचेचा कोपरा सहसा गोलसर असतो. वर्षानुवर्षं दगडावर घासल्यावर पात्याची रुंदी कमी होते, धार वर सरकते, आणि टाचेचा कोपरा हळूहळू आकड्यासारखा टोकदार होत जातो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या जुन्या वस्तऱ्यांत हे फार दिसतं, कारण त्यांनी तीन-तीन पिढ्यांचे हात बघितलेले असतात. त्यात झोलिंगेनच्या बऱ्याच पोकळ, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेल्या, पात्यांना टाचेमागे एक किंवा दोन जाड उभे खांदे असतात. पोकळ घासलेलं पातं फार पातळ असतं, ते पिळू नये म्हणून हा आधार ठेवलेला असतो. पण धार वर सरकली की टाच या खांद्याला येऊन भिडते. मग पातं पट्ट्यावर ठेवलं की खांदा आधी टेकतो, टाचेजवळची धार अधांतरी राहते, आणि ती टेकावी म्हणून माणूस नकळत दाब देतो. जाड पोलादी खांदा दाबून चामड्यावरून ओढल्यावर दुसरं काय होणार.

यावर दोन उपाय आहेत. पहिला फुकटचा, फिरवण्याची पद्धत बदला. पातं पट्ट्यावर आडवं पसरून ठेवताना खांदा पट्ट्याच्या कडेबाहेर राहील असं ठेवा, आणि टाच किंचित पुढे, टोक किंचित मागे असा तिरका कोन घ्या. दहा-पंधरा अंश पुरेत. मग जाताना पातं हळूहळू उजवीकडे सरकवत न्या, म्हणजे सुरुवातीला टाच पट्ट्यावर असते आणि शेवटी टोक. येतानाही तसंच. दोन्ही वाटा मिळून इंग्रजी एक्ससारखी फुली होते. यात धारेचा प्रत्येक भाग चामड्यावरून जातो, पण टाच एकाच जागी घासत राहत नाही. पट्टा पात्यापेक्षा अरुंद असेल तर असं करावंच लागतं. पण साडेसात सेंटिमीटरचा रुंद पट्टा असला तरी मी हेच सांगतो. रुंद पट्ट्यावर सगळं पातं एकदम मावतं म्हणून लोक खूश होतात आणि खांदाही पट्ट्यावर चढवून बसतात. तुमचं नेमकं हेच झालंय असा माझा कयास आहे.

दुसरा उपाय वस्तऱ्यावर करायचा, आणि तो एकदाच करावा लागतो. टाचेचा कोपरा गोल करायचा. धारेवर आधी चिकटपट्टीचे दोन थर लावा, फक्त टाचेकडचे चार-पाच मिलिमीटर उघडे ठेवा. ३२५ किंवा ४०० ग्रिटची डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली घासायची पट्टी, ओली करा (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके कण बारीक). टाचेचा कोपरा तिच्यावर उभा टेकवून, धारेकडून शेपटीच्या (टाचेमागच्या, बोटांत धरायच्या दांडीच्या) दिशेने, चंद्रकोरीसारख्या वळणाने ओढा. चार-सहा वेळा ओढलं की थांबून बघा. तीन-चार मिलिमीटरचा गोलवा आला आणि टाच खांद्यापासून सुटी झाली की पुरे. पाणी सतत हवं. पातळ पोलाद घासताना तापलं की त्याचा कडकपणा उतरतो आणि तिथे पुन्हा धार टिकत नाही. फिरत्या चाकावर, ड्रिलवर वगैरे हे काम करायचा मोह होईल. तो आवरा, दोन सेकंदांत टाच निळी पडते. प्लेटनंतर १००० च्या दगडावर तेच वळण घेऊन कड मऊ करा, आणि मग टाचेजवळचा भाग नेहमीसारखा दगडावर लावून धार जुळवून घ्या. वस्तरा मौल्यवान असेल किंवा हात थरथरत असेल तर हे काम जाणत्याकडून करून घ्या. पद्धत बदलून भागत असेल तर मी तरी पोलाद कमी करायला जाणार नाही.

टोकाचं काम सोपं आहे. गोल टोकाच्या वस्तऱ्याने पट्ट्याला सहसा काही होत नाही. चौकोनी टोकाचे वस्तरे, ज्यांचा कोपरा काटकोनात संपतो, ते पट्टाही ओरखडतात आणि कानाची पाळीही. ८००० च्या दगडावर तो कोपरा उभा धरून, वजन न देता, एक-दोनदा गोल फिरवला की त्याची नांगी मोडते. दिसायला टोक चौकोनीच राहतं.

पाठीकडे कोणी बघत नाही. दगडावर घासून पाठीच्या दोन्ही बाजूंना सपाट पट्टी तयार होते, आणि त्या पट्टीची कड कधीकधी नखाला लागण्याइतकी धारदार होते. कापसाचा बोळा पाठीवरून, टाचेवरून, टोकावरून फिरवा. तंतू जिथे अडकले ती जागा पट्ट्यालाही अडकते. २००० च्या ओल्या पॉलिश पेपरने त्या कडेवरून दोन-चारदा हलकेच गेलं की झालं. सपाट पट्टी मात्र घासायची नाही, कारण धारेचा कोन तिच्यावर ठरतो. मूठ ढिली असेल तर ती फिरवताना पट्ट्याच्या कडेवर आपटते. अशा वेळी मूठ शेपटीच्या सरळ रेषेत उघडी ठेवा आणि खीळ हलक्या हाताने घट्ट करून घ्या.

कणांबद्दल मी जरा कडक आहे. दगडावरून उठलेला वस्तरा थेट पट्ट्यावर नेणं म्हणजे पट्ट्यावर दगडाची पूड पेरणं. दगडाचा गाळ, पोलादाची बारीक भुकटी, धारेला लोंबणारा पापुद्रा, हे सगळं चामड्यात रुतून बसतं आणि मग दर फेरीला धारेलाच ओरखडतं. दगडानंतर वस्तरा वाहत्या पाण्यात धुवा, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, कोरडा होऊ द्या. मग आधी जाड सुती किंवा तागाच्या पट्ट्यावर वीस-पंचवीस फेऱ्या आणि त्यानंतरच चामड्यावर. जोडपट्ट्याला मागे कापडी पट्टा असतो तो शोभेचा नाही. दाढीनंतर पात्यावर वाळलेला साबण आणि केसांचे तुकडेही असेच त्रास देतात. ओल्या बोटांची पकड घट्ट व्हावी म्हणून काही जण फिटकरी चोळतात. मग त्याच बोटांनी पट्टा धरतात आणि त्यावर फिटकरीचे खडे सोडतात. आणि हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट साध्या पट्ट्यावर कधीही लावू नका. तिच्यासाठी वेगळा तुकडा ठेवा. एकदा लावली की तो पट्टा रोजच्या कामाचा राहत नाही, कारण ती निघत नाही, आणि प्रत्येक फेरीला धार थोडी थोडी झिजवत राहते.

एक गंमत सांगतो. एकाच्या पट्ट्यावर मधोमध आडवे बारीक ओरखडे होते. टाच गोल, टोक गोल, पाठ गुळगुळीत, काही सापडेना. शेवटी त्याला म्हटलं, फिरवायच्या आधी काय करता ते करून दाखवा. त्याने तळवा पट्ट्यावर खसाखसा चोळला, बोटात अंगठी. अंगठी काढल्यावर ओरखडे थांबले. नखंही तेच करतात.

आता काप. कड्याकडच्या टोकाला आहेत असं तुम्ही सांगता, म्हणजे पातं उलटवण्याच्या जागी. भिंग असेल तर कापाचं तोंड कोणीकडे उघडतंय ते बघा. तोंड कड्याकडे असेल, तर पातं तुमच्याकडे यायला लागलं तेव्हा ते पूर्ण उलटलेलं नव्हतं. धार पुढे होती आणि ती चामड्याखाली शिरली. तोंड तुमच्याकडे असेल, तर जाताना शेवटी शेवटी पाठ उचलली गेली किंवा पातं चुकीच्या बाजूला वळलं. नवशिक्यांच्या पट्ट्यावर पहिला प्रकार फार, आणि तुमचाही बहुधा तोच.

उलटवण्याचा क्रम असा. फेरी संपली की पातं थांबवा. पूर्ण थांबवा, अर्धवट नाही. मग धार उचला, पाठ टेकलेलीच राहू दे. अंगठा आणि पहिलं बोट यांत धरलेली शेपूट पेन्सिलसारखी फिरवा, म्हणजे पातं पाठीवर लोळून दुसऱ्या कुशीवर येईल. धार खाली टेकली की मग परत निघा. पाठ पट्ट्यावरून एकदाही उठायची नाही, हे एवढं जमलं तर काप सहसा पडत नाहीत. मनगट वळवून पातं उलटवायचं नाही. मनगट वळलं की हात वर येतो, हात वर आला की पाठ उठते, आणि धार एकटी पट्ट्यावर राहते. फिरतात ती फक्त दोन बोटं. मूठ मागे नुसती शेपटीबरोबर फिरते.

पाठ किती उठली म्हणजे किती बिघडतं याचा अंदाज देतो. पाठीची जाडी ५ मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १८ मिलिमीटर असेल, तर धारेचा एकूण कोन जवळजवळ १६ अंशांचा होतो, म्हणजे एकेका बाजूचा ८. पाठ फक्त १ मिलिमीटर उचलली तर पट्ट्याशी होणारा कोन तीन अंशांनी वाढतो. आठाचे अकरा. दिसायला काहीच नाही, पण आता सगळं वजन धारेच्या शेवटच्या कडेवर आलं. ती कड दुमडते, आणि जागा चुकली तर कातड्यात उतरते. काप पडला नाही तरी धार गेलीच. म्हणून काप पडणाऱ्यांची दुसरी तक्रार ठरलेली असते, की वस्तरा दगडावरून उतरतो तेव्हा छान असतो आणि पट्ट्यावरून उतरतो तेव्हा ओढतो.

वेग हे माझं स्वतःचं पाप. शिकत होतो तेव्हा उस्ताद लोकांचा पट्ट्यावरचा टपटप आवाज ऐकून तोच आवाज काढायचा नाद लागला. आवाज आला, तिसऱ्या दिवशी पट्ट्याच्या मधोमध दोन इंच लांब सालही आली. मग महिनाभर वर्तमानपत्राची घडी पट्ट्यासारखी ताणून तिच्यावर फिरवत होतो. कागद चुकीला क्षमा करत नाही, लगेच फाटतो, आणि फाटला तर दुसरा घेता येतो. हात बसेपर्यंत तुम्हीही तेच करा, किंवा बोथट वस्तरा घ्या, नाहीतर टेबलावरची बिनधारेची सुरी. आधी एकेका फेरीला दोन-तीन सेकंद द्या. वेग आपोआप येतो, आणि नाही आला तरी धारेला फरक पडत नाही.

ताण आणि दाब या दोन गोष्टी लोक वेगळ्या समजतात, पण त्या एकत्रच बिघडतात. पट्टा ढिला असला की पात्याच्या वजनानेच मधे झोळ पडतो. चामडं धारेभोवती वळून वर येतं, आणि दोन्ही टोकांना जिथे झोळ संपतो तिथे धार चढावर जाऊन आदळते. टोकांना पडणाऱ्या कापांना हे जोडकारण असतं. उलट पट्टा सगळी ताकद लावून ओढला तर हात ताठरतो आणि पातं उड्या मारतं. पट्टा सपाट राहील इतपत ओढा, मुठीने नाही, दोन-तीन बोटांनी धरून. कडं साधारण कोपराच्या उंचीला असावं. खूप वर असेल तर कड्याकडे जाताना चढ लागतो आणि वरच्या टोकाला मनगट मोडतं. दाब म्हणाल तर वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे. चामड्याची जी ओढ हाताला जाणवते ती घर्षणाची असते, ती वाढवायला दाबायचं नसतं.

धार कमानदार असेल, म्हणजे मधे फुगलेली, तर सपाट पट्ट्यावर टाच आणि टोक एकाच वेळी टेकत नाहीत. ती टेकवायला दाबू नका. फुलीच्या वाटेवर जाताना पातं टाचेकडून टोकाकडे हलकेच लोळवत न्या. तुमचा वस्तरा काचेवर ठेवून उजेडाकडे बघितलात तर कमान कळेल. त्याच वेळी पाठ सरळ आहे का तेही बघून घ्या. वाकड्या पाठीचा वस्तरा एकाच बाजूला चरे पाडतो.

एक गोष्ट विचारायची राहिली. वस्तरा पूर्ण पोलादी पात्याचाच आहे ना? हल्ली बदलायच्या ब्लेडचे वस्तरेही दिसायला हुबेहूब असतात. त्यांना धारेचा कोन ठरवणारी पाठ नसते, आणि ब्लेड पट्ट्यावर लावायचं नसतंच. तसा वस्तरा पट्ट्यावर फिरवला तर कातडं सोलून निघू शकतं. तुम्ही दगडावर लावलाय म्हणजे तसा नसणार, पण हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. एकदा एकाला तासभर उलटवायला शिकवल्यावर लक्षात आलं होतं.

चामड्याचीही थोडी चूक असते. कोरडं पडलेलं कातडं कडक आणि ठिसूळ होतं, त्यावर जराशा कोपऱ्यानेही पांढरट रेघ उठते. फार तेल पाजलेलं कातडं मऊ, चिकट होतं. धार त्यात बुडते आणि धूळ त्यावर बसते. रोज फिरवायच्या आधी स्वच्छ, कोरडा तळवा (अंगठी काढून) दहा-बारा वेळा वरखाली चोळला तर तळव्याचा ओलावा आणि ऊब बहुतेक पट्ट्यांना पुरते. वर्षातून एखाद-दोनदा नीट्सफूट तेलाचे (चामडं मऊ ठेवायच्या तेलाचे) पाच-सहा थेंब तळव्यावर घेऊन चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या कापडाने पुसा. थेंब मोजून, वाटी ओतून नाही. पाण्याने ओला झालेला पट्टा वाळेपर्यंत वापरू नका. ओलं चामडं फुगलेलं असतं आणि लोण्यासारखं कापलं जातं. न्हाणीघरात टांगून ठेवू नका. घडी घालूनही ठेवू नका, घडीची वळी पडली की तिथे धार दर वेळी ठेचकाळते.

आता दुरुस्ती. पट्ट्याच्या अगदी कडेला असलेले छोटे काप विसरून जा, पातं तिथे टेकतच नाही. तुमच्या कड्याकडच्या दोन कापांपैकी ज्याचा पापुद्रा अजून चिकटून आहे त्याच्याखाली रबरासारखा लवचीक राहणारा डिंक, चपला-बूट चिकटवायला वापरतात तसला, काडीच्या टोकाने अगदी पातळ भरा. पापुद्रा त्याच्या मूळ जागी बसवा, वर मेणकागद ठेवून सपाट वजनाखाली रात्रभर ठेवा. बाहेर आलेला डिंक नखाने किंवा रबराने काढा. कडक वाळणारा डिंक चालत नाही. त्याची टणक कड उभी राहते आणि ती कापापेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी ४०० चा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून फक्त तेवढ्या जागेवर गोल गोल घासा, मग ६०० ने. सगळा पट्टा घासत सुटू नका. वरचा चकचकीत थर गेला की पट्ट्याची ओढ बदलते आणि ती परत यायला बरेच दिवस लागतात. तुकडा उडून गेला असेल तर खड्डा भरायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या कडा उतरत्या होतील इतपत घासा. खड्ड्याने धारेचं काही बिघडत नाही. बिघडतं ते वर आलेल्या कडेने. घासून झालं की भुकटी ओलसर कापडाने पुसा, वाळू द्या, तळवा चोळा. मग बोटाची परीक्षा पुन्हा. बोटाला लागलं नाही तर धारेलाही लागणार नाही.

काप मधोमध आणि खोल असेल, आरपार गेल्यासारखा, तर त्या पट्ट्याचा टांगायचा पट्टा म्हणून जीव संपला. पण वीस-पंचवीस सेंटिमीटरचा अखंड तुकडा उरत असेल तर तो कापून सपाट लाकडी फळीवर चिकटवा. फळीवरच्या पट्ट्याला झोळ पडत नाही, कडं नसतं, हात फक्त उलटवण्याकडे लक्ष देऊ शकतो. खरं तर शिकणाऱ्याने पहिलं वर्षभर फळीवरच काढावं असं माझं मत आहे. टांगता पट्टा दिसायला देखणा आणि त्याची ओढही वेगळी, त्यामुळे कोणी ऐकत नाही.

तुम्ही या क्रमाने करा. आज कागदाची परीक्षा. टाचेची रेघ उमटली तर उद्यापासून खांदा कडेबाहेर ठेवून फुलीची वाट धरा आणि आठवडाभर बघा. जुन्या रेघांच्या जागेवर नवी रेघ उठली नाही, तर टाच घासायची गरज नाही. उठली तर डायमंड प्लेट. काप चिकटवून पट्टा दोन दिवस तसाच राहू द्या, तोवर वर्तमानपत्रावर उलटवण्याचा सराव करा. पट्ट्यावर परत आलात की पहिल्या दहा फेऱ्या दोन्ही टोकांना पातं थांबवून, मनात एक मोजून मगच उलटवा. कापडी पट्ट्यावर पंचवीस आणि चामड्यावर पन्नास फेऱ्या रोजच्या दाढीला भरपूर झाल्या. फेरी म्हणजे जाऊन येणं, नुसतं जाणं नाही. दोन आठवड्यांनी रेघा अजून उठत असतील तर वस्तऱ्याचा टाचेकडून काढलेला फोटो पाठवा, पात्याचा नको. पट्ट्याचाही पाठवा, उजेड बाजूने पडेल असा.